सारख्याच बिघडलेल्या दोन प्रती

इस्पितळात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. डॉक्टरांपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला कुलूपताई म्हणत, आणि तीही बिनदिक्कत 'ओ' देई. खोलीला कुलूप लावून ती दहा पावलं जायची, परत यायची, कुलूप ओढून बघायची आणि मगच जिना उतरायची. सत्तावीस वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. लोकांनी थट्टा करायची तेवढी केली. पण त्या खोलीतून इतक्या वर्षांत साधी टाचणी हरवली नाही, हे थट्टा करणारेही कबूल करत.

खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. दाराच्या कडांना जाड रबर, भिंतींना करडा स्पंज आणि मधोमध दुहेरी काच. काचेपलीकडे एक खुर्ची आणि माइक. अलीकडे ताईचं टेबल, दोन पडदे, आणि टेबलाखाली दिवसभर घुं घुं करणारा एक काळा डबा. घशाच्या कर्करोगामुळे ज्यांची स्वरपेटी काढावी लागणार, अशी माणसं शस्त्रक्रियेच्या आधी त्या खुर्चीत येऊन बसत. आधी ठरलेली तीनशे वाक्यं वाचायची. "आज हवा बरी आहे", "मला पाणी द्या", असली. मग शेवटची दहा मिनिटं मोकळी. ज्याला जे वाटेल ते त्याने बोलावं. कुणी मुलांना उपदेश करी, कुणी बायकोची माफी मागे, कुणी नुसतंच रडे. एका शिंप्याने तर दहाच्या दहा मिनिटं आपल्या शिलाई मशीनचं कौतुक केलं होतं.

नंतर त्या तीनशे वाक्यांचे तुकडे जुळवून प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचा स्वतःचा आवाज बसवला जाई. माणूस टाइप करी आणि फोन त्याच्या आवाजात बोले. फोन जुना झाला की नव्यासाठी मूळ रेकॉर्डिंगवरून आवाज पुन्हा घडवावा लागे. एकदा गेलेल्या गळ्याकडून दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग करून घेता येत नाही, हे काय सांगायला हवं? तेराशे बारा माणसांचे आवाज टेबलाखालच्या त्या डब्यात होते आणि ते जपणं हे ताईचं काम होतं.

त्यातला एक तिच्या दादाचा.

दादा भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. पस्तीस वर्षं त्याने बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माइक न लावता भाव ऐकवले. घरी आला तरी तोच सूर. मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं की यांच्या भाजीत आज मीठ कमी आहे. वहिनी म्हणायची, "माझे कान किटलेत हो, जरा हळू!" सहा वर्षांपूर्वी दादाची स्वरपेटी काढली, घर गप्प झालं, आणि हीच वहिनी दिवसभर रेडिओ लावून ठेवू लागली. कुठलंही स्टेशन चाले तिला. ताई त्यांच्याकडेच राहायची, तेव्हा हा बदल तिने रोज पाहिला होता आणि त्याबद्दल वहिनीशी एक शब्दही काढला नव्हता.

फोनमधला दादा बोलायचा, पण शिस्तीत, सरकारी खिडकीतल्या कारकुनासारखा. त्याला ओरडता येत नसे, लाडात येता येत नसे. तो सगळा दादा त्या मोकळ्या दहा मिनिटांत होता. रेकॉर्डिंग करताना ताई काचेच्या अलीकडे बसलेली होती, म्हणून तिने ते एकदा ऐकलं होतं. त्यानंतर कधीच नाही, कारण खोलीचा नियम कडक होता: मोकळं बोलणं ज्याचं त्याचं, त्याच्या परवानगीशिवाय कुणीही ऐकायचं नाही. नियम ताईनेच घालून दिलेला. तिने दादाला दोनदा विचारलं, ऐकूया का? दादाने टाइप केलं, "मेल्यावर ऐका. अजून मी आहे." झालं. ताईने विषय सोडला. डब्यात आहे, सुरक्षित आहे, कधीही काढता येईल, हा तिचा मोठा आधार होता.

आता डब्याचं सांगायला हवं. त्याला सगळे बॅकअप म्हणत. पण मुख्य मशीनवर जागा अपुरी, म्हणून तिथे फक्त गेल्या वर्षाचे आवाज ठेवत आणि बाकीचे पुसून टाकत. म्हणजे जुन्या आवाजांची ही एकुलती एक जागा, आणि नाव मात्र बॅकअप! ही गंमत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच खटकत नव्हती, कारण डब्यात दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाई तेच त्याच क्षणी दुसरीवर. आरशासारखी जोडी. एक मेली तरी दुसरी आहेच. ही जोडी नऊ वर्षांपूर्वी ताईनेच निवडली होती, स्वतः वाचून, शिकून, कंप्यूटर विभागाशी भांडून. तिचा त्या डब्यावर मुलासारखा जीव होता.

डब्याचं वय झालं. सुटे भाग मिळेनासे झाले आणि नवा घ्यायचं ठरलं. विभागप्रमुख मोठ्या मॅडमनी बैठक बोलावली. पुरवठादाराकडून एक इंजिनियर आला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की मावशींनी त्याचं नाव तिथल्या तिथे बूटवाले साहेब ठेवलं.

बूटवाल्याने फळ्यावर चौकोन काढले. "चार डिस्क. मध्ये आमचं कार्ड. जोडी लावलीत तर निम्मी जागा फुकट जाते. त्यापेक्षा ही पद्धत घ्या, चारांत तीन डिस्कएवढी जागा मिळेल. कार्ड सगळं आपलं आपण सांभाळतं. हिरवा दिवा दिसला की निर्धास्त झोपायचं."

"आणि जोडीच हवी असेल तर?" ताईने विचारलं.

"तीही कार्ड लावेल. किंवा मग तुमच्या हल्लीच्या डब्यासारखी कार्डाशिवाय, साध्या सॉफ्टवेअरने. जुनी पद्धत झाली ती." त्याने फळ्यावर आणखी एक चौकोन काढला. "तिसराही एक प्रकार आहे. त्यात प्रत्येक तुकडा लिहिताना त्याचा एक ताळा काढून वेगळा ठेवतात आणि वाचताना पडताळतात. पण तो मेमरी फार खातो. तुम्हाला काही गरज नाही त्याची."

"नाहीच आहे," ताई म्हणाली. हे वाक्य तिला पुढे फार दिवस टोचणार होतं. "मला जोडी हवी, आणि साधी हवी. उद्या डबा जळला तर त्यातली एक डिस्क काढून कुठल्याही मशीनला लावली, की ती बोलली पाहिजे."

"आमच्या कार्डावर विश्वास नाही तुमचा?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुमचा डबा आणा. लावून बघू."

मॅडमनी दहा दिवस दिले. बूटवाल्याने नमुन्याचा डबा आणला. ताईने त्यातल्या दोन डिस्कवर कार्डाची जोडी लावली, उरलेल्या दोनवर साधी, दोन्हींत स्वतःच्या आवाजात "आज हवा बरी आहे" भरलं, आणि तिसऱ्या दिवशी मॅडम, दोन वाचाउपचारतज्ज्ञ मुली आणि मावशी यांच्यासमक्ष एक डिस्क उपसून खालच्या नोंदणी खिडकीतल्या मशीनला जोडली. पडद्यावर आलं: ही डिस्क रिकामी आहे, वापरासाठी तयार करू का?

मावशी म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे सगळं पुसू का विचारतंय की काय?"

"आमचंच कार्ड लागेल ना वाचायला," बूटवाला म्हणाला.

"आणि कार्डच जळलं तर?"

"नवीन मिळेल की."

"दहा वर्षांनी? हेच मॉडेल?"

बूटवाला आपल्या बुटांकडे बघू लागला. मग ताईने सॉफ्टवेअरवाल्या साध्या जोडीतली एक डिस्क त्याच मशीनला लावली. दोन मिनिटं खुडबूड केली, आणि नोंदणी खिडकीतून ताईचा आवाज आला, आज हवा बरी आहे. रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "बरी कसली, उकडतंय" असं उत्तरही दिलं. सगळे हसले. ताईचा ऊर भरून आला. नऊ वर्षांपूर्वीचा तिचा निर्णय चारचौघांत खरा ठरला होता, आणि खरं सांगायचं तर ती त्या दिवशी जरा हवेतच होती.

हवेतून ती दोन दिवसांत खाली आली. झालं असं, की जुने आवाज नव्या डब्यात घालण्याआधी तिला एकदा जुन्या दोन डिस्क समोरासमोर धरायच्या होत्या. गरज नाही, असं कंप्यूटर विभाग म्हणाला. आरशातली जोडी ती, फरक कसा असेल? पण कुलूप ओढून बघणारी बाई ती. दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, वेगवेगळ्या मशीनला लावल्या आणि एकेक फाईल ताडून बघायला लावली. सकाळी सुरू केलं, दुपारच्या चहाला निकाल आला. एकसष्ट फायली जुळत नव्हत्या.

ताईने चहा तसाच ठेवला. पुन्हा ताडलं. पुन्हा एकसष्ट.

डब्यावरचा हिरवा दिवा नऊ वर्षं जळत होता. डिस्क मेली असती तर त्याने लाल होऊन सांगितलं असतं. पण डिस्क जिवंत राहून तिच्यातला एखादा कोपरा गुपचूप नासला, तर त्या साध्या जोडीला त्याचा पत्ताच नसतो. दोन प्रती वेगळं सांगू लागल्या की खरी कुठली, हे त्या जोडीला ठरवता येत नाही. बूटवाल्याचा तिसरा प्रकार नेमका यासाठी होता. आणि "नाहीच आहे" असं ताई भर बैठकीत म्हणाली होती. खाई त्याला खवखवे. तिला दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देववेना.

आता एकसष्ट फायलींच्या दोन-दोन प्रतींतली खरी कुठली हे कानांनीच ठरवायचं होतं. आणि त्यात पस्तीस मोकळी बोलणी होती, जी ऐकायची नाहीत असा नियम. संध्याकाळी जेवताना तिने हे घरी सांगितलं. दादाने घास खाली ठेवला, फोन पुढे ओढला.

"उलटं लाव," फोन म्हणाला.

"काय उलटं?"

"शेवटाकडून सुरुवातीकडे. आवाज आहे की खरखर आहे ते कळेल. काय बोललेत ते कळणार नाही. आम्ही भाव फोडायचा नसला की शब्द उलटे करून बोलायचो. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं कंप्यूटरशी खेळून तिला जे सुचलं नव्हतं ते बाजारातल्या माणसाला जेवता जेवता सुचलं होतं. मॅडमनीही लगेच होकार दिला. दादाचा कान तयार, म्हणून तोही दुसऱ्या दिवसापासून हेडफोन चढवून ताईच्या शेजारी बसू लागला. चार दिवसांत एकसष्टच्या एकसष्ट फायली सुटल्या. प्रत्येकीची एक प्रत चांगली होती आणि दुसरीत मध्येच खरखर.

ताईने सुटकेचा श्वास टाकला. तिची सुटका एका रात्रीपुरतीच होती. सकाळी बसस्टॉपवर दादाने फोन तिच्या कानाशी धरला.

"एकसष्ट वेगवेगळ्या निघाल्या म्हणून सापडल्या. ज्या दोन्हीकडे सारख्याच बिघडल्या असतील, त्या कशा सापडणार?"

बस आली आणि गेली. ताई तिथेच उभी होती. तिला चार वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. जोडीतली एक डिस्क मेली होती. तिने नवी आणली, डब्यात घातली, आणि डब्याने उरलेल्या डिस्कवरून सगळं नवीवर उतरवून घेतलं. दिवा हिरवा झाला. ताईने सगळ्या मजल्याला चहा पाजला होता. त्या वेळी उरलेल्या डिस्कमधला काही भाग आधीच नासलेला असेल, तर नव्या डिस्कवर तोच नासका भाग इमानेइतबारे उतरला. दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या, दोन्ही वाया गेलेल्या. तेव्हा कुणी ऐकून पाहिलं नाही. ऐकायचं नाही हा तर नियमच होता.

ती तशीच मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. थकलेल्या होत्या. "हे बघ ताई," त्या म्हणाल्या, "जे आहे ते नव्या डब्यात घालू. पुढचं नीट ठेवू. मागचं आता कोण उकरणार?"

"मी."

"सातशे चाळीस माणसं आहेत चार वर्षांआधीची."

"तीनशे वाक्यांचा मजकूर आपल्याकडे आहे, ती मशीन पडताळेल. राहिली मोकळी बोलणी. दुप्पट वेगाने उलटी लावली तर एकेक पाच मिनिटांचं. पाच जण रोज अडीच तास बसलो तर पाच दिवसांत संपतं. दोनदा ऐकायचं म्हणून दहा धरा."

"आणि बिघडलेली सापडली तर?"

"ज्याचं त्याला पत्र लिहायचं."

मॅडमनी चष्मा काढला. "कुणी विचारलेलं नाही. ऐकायला कुणी येत नाही. उगाच घबराट होईल. काही जण तर आता या जगातही नाहीत."

"मग त्यांच्या घरच्यांना लिहायचं. मॅडम, त्यांनी आपल्याकडे ठेवायला दिलं होतं. उद्या एखाद्याची मुलगी लग्नाआधी बापाचा आवाज ऐकायला आली, की तेव्हा सांगायचं का, अरेच्चा, हे तर कधीच गेलंय? मी नाही तसं तोंड दाखवणार."

"तुझ्यावर येईल हे."

"आलंच आहे की. माझीच चूक आहे, माझ्यावरच येऊ दे. पण मी हा डबा असा बंद करणार नाही."

 मॅडमनी कागद पुढे ओढला आणि पाच जणांची नावं लिहायला सांगितली. दोघी वाचाउपचारतज्ज्ञ, मावशी, ताई आणि दादा.

पुढचे दहा दिवस त्या मजल्यावर भुताटकी झाल्यासारखं वाटत होतं. पाच माणसं कानाला हेडफोन लावून उलटे आवाज ऐकत बसलेली. मावशींना सुरुवातीला हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, रडणं उलटं लावलं तरी रडणंच वाटतं." मग त्या हसल्या नाहीत. खरखर सापडली की यादीत खूण करायची, दुसऱ्याने पुन्हा ऐकून दुजोरा द्यायचा. दादाने पहिल्याच दिवशी टाइप केलं होतं, "माझी मला देऊ नका." ती ताईने स्वतःच्या वाट्याला घेतली होती. आधी ऐकायचा मोह तिला रोज होई. पण ती क्रमाने गेली. आपल्या माणसाला रांगेत पुढे घुसवायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी दादाचा क्रमांक आला. उलटं लावलं की शेवट आधी येतो. सुरुवातीला खरखर होती. ताईने घड्याळ पाहिलं. एक मिनिट. दोन मिनिटं. पत्र्यावर वाळू ओतत राहावं तशी खरखर. तिने आवाज वाढवला, कमी केला, हेडफोनची वायर बदलली. साडेचार मिनिटांनंतर, अगदी शेवटाला, म्हणजे दादाच्या बोलण्याच्या पहिल्या मिनिटात, खरखर तुटली आणि दादाचा आवाज वर आला. उलटा, दुप्पट वेगाने, एकही शब्द न कळणारा. पण त्याचाच. ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिने दुसरी डिस्क लावली. तीही शब्दाला शब्द, खरखरीला खरखर सारखीच.

दादा दोन हात अंतरावर बसला होता, डोळे मिटून दुसऱ्या कुणाचा तरी आवाज तपासत. ताईने यादीत खूण केली, दुजोऱ्यासाठी कागद मावशींकडे सरकवला आणि पुढची फाईल लावली. तिला त्या क्षणी उठून जावंसं वाटत होतं. पण मागे अजून तीनशे माणसं होती, ती उठली नाही.

एकूण एकोणीस गेली. वाक्यांमध्येही अधूनमधून खड्डे होते, पण त्यावरून आवाज घडवण्यापुरतं सगळ्यांचं शिल्लक होतं. मोकळी बोलणी मात्र एकोणीस जणांची कायमची गेली. पाच जणांनी ती दोनदा ऐकली आणि यादीखाली सह्या केल्या.

दुसऱ्या बैठकीला बूटवाला आला तेव्हा ताईने फळ्याजवळ त्याला जाऊच दिलं नाही. खडू तिच्याच हातात होता. "तुमचं कार्ड नको, ते मी आधीच म्हटलं होतं. माझी जुनी पद्धतही नको, हे आता म्हणते. तुम्ही सांगितलेला तिसरा प्रकार हवा. जोडीच, दोन-दोनची, पण प्रत्येक तुकड्याला ताळा हवा. ताळा चुकला की त्याने स्वतः दुसरीकडची चांगली प्रत घेऊन बिघडलेली दुरुस्त करायची, आणि मला सांगायचं. गुपचूप नाही."

"मेमरी जास्त लागेल, मी बोललो होतो."

"लागू दे. जोडीतल्या दोन डिस्क एका कंपनीच्या, एका खोक्यातल्या नकोत. जुळी भावंडं एकदमच आजारी पडतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डब्यातलं सगळं वाचून ताळा बघायचा, त्याची वही मी ठेवीन. आणि पलीकडच्या इमारतीत एक तिसरी प्रत, जिचा या डब्याशी काही संबंध नाही. बॅकअप म्हणायचं तिला. याला नाही."

"एवढं सगळं आवाजांसाठी?" बूटवाला म्हणाला. तो तसा सरळ माणूस होता, त्याला खरंच प्रश्न पडला होता.

मॅडमच बोलल्या. "हो. एवढं सगळं. लिहून घ्या."

पत्रं ताईने लिहिली आणि मॅडमनी सही केली. मजकूर चार ओळींचा. "शस्त्रक्रियेपूर्वी आपण आमच्याकडे ठेवलेले मोकळे बोलणे साठवणुकीतील बिघाडामुळे नष्ट झाले आहे. हा बिघाड वेळीच तपासला गेला नाही. चूक आमची आहे. आपल्या आवाजाचे बाकी रेकॉर्डिंग सुरक्षित आहे." 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द मॅडमनी घातले होते, ते ताईने खोडले. मॅडमनी पुन्हा घातले, तिने पुन्हा खोडले. शेवटी खोडलेलेच राहिले. अठरा पाकिटं टपालात पडली. एकोणिसावं तिने पिशवीत घालून घरी आणलं.

दादा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. वहिनी आत भांडी घासत होती. ताईने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं, सोबत पोचपावतीचा कागद आणि पेन.

दादाने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. कागदाची घडी घातली, उलगडली. त्याचे ओठ हलले, जुन्या सवयीने, आणि थांबले.

"कधी कळलं तुला?" फोनने विचारलं.

"सहाव्या दिवशी."

"माझ्या शेजारीच बसली होतीस."

"हो."

"बोलली नाहीस."

"बाकीच्यांना टपालाने कळणार होतं, दादा. तुला त्यांच्या आधी कसं सांगू?" आणि मग तिला राहवलं नाही. "माझ्यामुळे गेलं रे. मी चहा पाजत फिरले. एकदा, एकदा जरी लावून बघितलं असतं..."

दादाने हात वर करून तिला गप्प केलं. बाजारातही तो असाच हात वर करायचा. मग सावकाश टाइप केलं.

"तू ऐकलं होतंस ना. काय बोललो होतो मी?"

ताईने पदराने डोळे पुसले. तिचा आवाज मुळात बारीक, त्यातून रडवेला झालेला. पण ती सांगू लागली.

"आधी खाकरलास. मग म्हणालास, छोटे, सुरू झालं का गं? मग म्हणालास, भाव काही पुकारणार नाही, भाव फार पुकारले. तू हरवलीस ती गोष्ट सांगतो. तू सहा वर्षांची, मी चौदाचा. आई भाजी घेत होती, तुझा हात माझ्या हातात होता, आणि मी कुठेतरी बघत बसलो. वळून बघतो तर तू नाहीस. मी मोठ्या वजनकाट्यावर चढलो आणि तुझ्या नावाने ओरडायला लागलो. तास झाला तरी थांबलो नाही. सगळ्या बाजाराने खरेदी थांबवली. शेवटी तू सापडलीस, बटाट्याच्या पोत्यांमागे झोपलेली. लिलाववाले म्हातारे म्हणाले, या पोराचा गळा मला द्या. तिथून माझा धंदा सुरू झाला. माझा आवाज मात्र त्या दिवशी बसला तो दोन दिवस आलाच नाही." ताई थांबली. "मग म्हणालास, तेव्हा दोन दिवसांनी आला. आता येणार नाही. आता हरवलीस तर तुला शोधायला माझ्याकडे आवाज नाही, छोटे. तेव्हा हरवू नकोस."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती.

दादा खाली बघत होता. त्याने डोळे चोळले, फोन ओढला, आणि टाइप केलं.

"पोती बटाट्याची नव्हती. कोबीची होती."

"तू बटाट्याची म्हणाला होतास."

"चुकून म्हणालो असेन. कोबीचीच."

"चुकला असशील तर चुकलास. रेकॉर्डिंगमध्ये बटाट्याची आहेत."

"रेकॉर्डिंग कुठे आहे?"

"मी सांगतेय ना!" ताई टेबलावर हात आपटून म्हणाली. "जसं बोललास तसं ठेवलंय मी. एक शब्द बदलणार नाही."

दादाचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता, पण तो पोट धरून हसत होता, आणि त्याचे डोळे गळत होते. त्याने पेन उचललं आणि पोचपावतीवर सही केली.

"मला नाही कुणी कधी सांगितलं हे," वहिनी म्हणाली. ती खुर्ची ओढून बसली. "पहिल्यापासून सांग बघू."

ताईने पोचपावती पिशवीत ठेवली आणि पहिल्यापासून सांगू लागली.